एकाच मालाला दोन शब्द

अप्पांचा मोबाईल बंद पाडायचा, आणि तोही पवित्रानंच पाडायचा, असं तिच्या थोरल्या भावाच्या, महांतेश अण्णाच्या, घरी जेवताना ठरलं. ठरलं म्हणजे महांतेश बोलला, वहिनीनं मान हलवली आणि तोंडात भाकरीचा घास असल्यामुळं पवित्रा नाही म्हणाली नाही. घरातले मोठे निर्णय बहुतेक असेच होतात आणि मग वर्षानुवर्षं सगळे एकमेकांना विचारत बसतात, हे ठरवलं कुणी.

"तू कंप्युटरवाली," महांतेश म्हणाला. "त्यांच्या कार्डावरनं भाईर फोन लागू नये असं कायतरी करून ये. रेंज न्हाय म्हणून सांग. तुझ्यावर इस्वास हाय त्यांचा."

"खोटं सांगू?"

"मग खरं तू सांगतीस काय? सांग की. अप्पा, दुकान आता तुमचं न्हाय, गप बसा, असं. हाय काय छाती?"

छाती नव्हती. तिची नव्हती, महांतेशची तर नव्हतीच नव्हती, आणि सगळा घोटाळा तिथंच होता.

अप्पांची, म्हणजे दोघांचे वडील चनबसाप्पा यांची, कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची अडत. गुऱ्हाळवाल्यांनी गूळ आणून टाकायचा, सौद्यात व्यापाऱ्यांनी बोली करायची आणि अडत्यानं माल कुणाला ते बोलायचं. एकदा बोललं की झालं. चनबसाप्पांनी तोंडातनं काढलेला शब्द कधी परत घेतला नाही, म्हणून दुकान चाललं. आणि मग गेल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मिरजेच्या दवाखान्यात ते पडून होते, जिभेला बोलणं फुटत नव्हतं. यार्ड काही त्यासाठी थांबत नाही. महांतेश गादीवर बसला, व्यापाऱ्यांना म्हणाला, आता मी बघतो, आणि व्यापाऱ्यांनी ते मानलं. दवाखान्यातून अप्पांना कुरुंदवाडच्या घरी नेलं, अव्वानं, म्हणजे आईनं, मालिश करून करून हात हलता केला आणि संक्रांतीच्या सुमारास जीभ मोकळी झाली. सगळ्यांना आनंद झाला. त्या आनंदात, मधल्या काळात गादीवर दुसरं माणूस बसलंय आणि यार्डानं ते मान्य केलंय, एवढी एकच गोष्ट अप्पांना सांगायची राहून गेली. महांतेश आहे तो आपल्या जागी तात्पुरता बसलाय, अशीच त्यांची समजूत. मायेपोटी माणसं एकमेकांचं किती वाटोळं करतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही, हे एक बरं आहे.

बरं वाटताच अप्पांनी मोबाईल हातात घेतला. जुने गुऱ्हाळवाले अजून त्यांनाच फोन करून सांगत, अप्पा, माल पाठवलाय. मग अप्पा कुरुंदवाडच्या घरी सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत बसून गणपतरावांना फोन लावत आणि माल देऊन टाकत. गणपतराव म्हणजे यार्डातले जुने व्यापारी, अप्पांच्या बरोबरीचे. इकडे त्याच मालाचा सौद्यात महांतेशनं बाळासो या दुसऱ्या व्यापाऱ्याला शब्द दिलेला. पहिल्यांदा असं झालं तेव्हा महांतेशनं गणपतरावांच्या हातापाया पडून निभावलं. दुसऱ्यांदा गणपतरावांचा ट्रक दारात लागला आणि माल बाळासोच्या गोदामात गेलेला. गणपतराव भांडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "चनबसाप्पाचा शब्द हाय म्हणून गाडी लावलती. आता पुढं कुणाचा शब्द धरायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा आणि मला सांगा."

यार्डात भांडण परवडतं, पण असलं बोलणं परवडत नाही. तिसऱ्यांदा झालं असतं तर अडतीचं नाव गेलं असतं. म्हणून पवित्रानं शनिवारी रजा काढून कुरुंदवाडला जायचं आणि अप्पांचा आवाज बंद करायचा, असं ठरलं. काम तसं सोपं होतं. बाहेर जाणारे फोन बंद करायची सोय कार्डातच असते.

ऑफिसातलं तिचं काम मात्र सोपं नव्हतं. राजारामपुरीत एका टेलरच्या दुकानावर दोन खोल्यांत सम्राटची कंपनी होती. हा सम्राट पुण्यातली नोकरी सोडून आलेला आणि कोल्हापुरात काय कमी आहे असं दिवसातून चार वेळा म्हणणारा. त्यानं एका दूध संघाचं काम घेतलं होतं. रोजचा दुधाचा दर संघाच्या सभासदांना मोबाईलवर पाठवायचा. काम एका मशीनचं. पण ते बंद पडलं तर लगेच दुसऱ्यानं उचलायचं. म्हणून एकमेकांना जोडलेल्या मशीनचा जथा केला होता. त्याला सम्राट मोठ्या झोकात क्लस्टर म्हणायचा.

आता या जथ्यात दर पाठवायचा मान कुणाचा, हे ठरवणारं कुणीतरी पाहिजे. त्यासाठी परदेशातल्या लोकांनी लिहिलेली, फुकट मिळणारी एक नवी प्रणाली सम्राटनं उतरवून घेतली होती. ती तीन मशीनवर बसवायची. तिघांपैकी दोघांचं एकमत झालं की ते खरं. पवित्रानं त्या तिघांचं नाव पंच ठेवलं. आणि काम करणाऱ्या प्रत्येक मशीनवर पंचांशी बोलणारा एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे क्लायंट, लागतो. तो लिहायचं काम तिच्या गळ्यात पडलं. माहिती सगळी इंग्रजीत आणि तीही अशी, की लिहिणाऱ्याला वाचणारा आपल्या शेजारीच बसलाय असं वाटत असावं.

पहिल्या दिवशी क्लायंट पंचांना जोडला जाईना. जोडला तेव्हा तिनं पंचांच्या पाटीवर, म्हणजे मान कुणाचा हे नोंदतात तिथं, पहिल्या मशीनचं नाव लिहिलं, खूश होऊन पडद्यावरची खिडकी बंद केली आणि चहा पिऊन आली, तर पाटीवर नावच नाही. तिला वाटलं आपलंच चुकलं. चुकलं नव्हतं. हे नाव लिहून संपत नाही. मशीननं घडोघडी पंचांना मी आहे, मी आहे असं सांगत राहावं लागतं. ठरल्या वेळेत आवाज आला नाही तर पंच नाव पुसतात आणि मान पुढच्याला देतात. कुणाचीही भीड नाही. हे पाहून पवित्राला जरा वाईटच वाटलं, आणि मशीनबद्दल वाईट वाटतंय म्हणून स्वतःचं हसूही आलं.

शुक्रवारी दुपारी दोघांनी परीक्षा घ्यायची ठरवली. पहिलं मशीन दर पाठवत होतं. सम्राट म्हणाला, "मार त्याला." पवित्रानं खाली वाकून त्याची जोडणीची वायर उपटली. थोड्या वेळानं पंचांनी पहिल्याचं नाव पुसलं, दुसऱ्यानं काम उचललं आणि सम्राटच्या मोबाईलवर दर आला. सम्राटनं टाळी वाजवली. टाळीचा आवाज विरतो न विरतो तोच मोबाईल पुन्हा वाजला. पुन्हा तोच दर.

"हे कुणी पाठवलं?"

पवित्रानं शोधलं. पहिल्या मशीननं पाठवलं होतं. वायर उपटली होती ती पंचांकडं जाणारी. संदेश पाठवणारा मोडेम त्याच्या पाठीला स्वतंत्र जोडलेला, तो चालूच होता. मग ते बिचारं आपलं काम इमानानं करत राहिलं. आपलं नाव पुसलंय, मान दुसऱ्याला गेलाय, हे त्याला कळायला वाटच ठेवली नव्हती.

"मग मोडेमची पण वायर उपट," सम्राट म्हणाला. "सगळंच तोड की त्याचं."

"किती तोडायचं?" पवित्रा म्हणाली. "एक तोडलं तर ते दुसऱ्या वाटेनं बोलणार. त्याला अजून वाटतंय की सगळं त्याच्यावरच हाय."

बोलली आणि तिला अप्पा आठवले. सम्राट पुढं काहीतरी म्हणत होता, तिला ऐकू येत नव्हतं. कार्ड बंद केलं तर अप्पा शेजारच्या घरातून फोन करणार. शेजाऱ्याला सांगून ठेवलं तर चौकातल्या रुपया टाकायच्या फोनवरून करणार. तिथंही अडवलं तर कोल्हापूरची गाडी पकडून, काठी टेकत, थेट यार्डात उभे राहणार. इमानी माणसाचा आवाज किती ठिकाणी बंद करत फिरायचं? पवित्राला रडू यायला लागलं. डोळ्यात धूळ गेली असं सांगून ती बाहेर गेली.

संध्याकाळपर्यंत तिनं क्लायंट दुरुस्त केला. पंचांशी संबंध तुटला की त्याच क्षणी थांबायचं. पुन्हा जोडला गेला की आधी विचारायचं, मान अजून माझा आहे का? उत्तर येईपर्यंत एक अक्षर पाठवायचं नाही. पुन्हा वायर उपटून पाहिली. दर एकदाच आला.

शनिवारी ती कुरुंदवाडला पोचली तेव्हा अप्पा सोप्यात खुर्चीवर बसले होते. गळ्यात इष्टलिंग, मांडीवर मोबाईल. अव्वा आत स्वयंपाकाला लागलेली.

"ये. काय चाललंय हाफिसात?" अप्पा म्हणाले. डावा ओठ अजून जरा ओढलेला होता.

कामाचं सांगत सांगत मुद्द्यावर यावं, असं ती गाडीत ठरवत आली होती. मशीनचं आधी सांगायचं, मग हळूच इकडं वळायचं. पण अप्पांचं तोंड बघितलं आणि तिला त्या आडवळणाची लाज वाटली. ती त्यांच्यापुढं खाली बसली.

"अप्पा, गणपतरावांना तुम्ही दिलेला माल त्यांना मिळाला न्हाय. दोन्ही वेळंला न्हाय. सौद्यात अण्णानं तो आधीच बाळासोला दिलता."

अप्पांनी भुवया चढवल्या. "त्यानं? मला न इचारता?"

"यार्डात आता कुणी तुम्हाला इचारत न्हाय, अप्पा. तुम्ही मिरजेला होता तवापास्नं अण्णाचाच शब्द चालतो. सगळ्यांनी मानलंय. आम्ही तुम्हाला सांगितलं न्हाय. चूक आमची हाय."

आत अव्वाचा हात थांबला. भाकरी थापल्याचा आवाज बंद झाला. अप्पा मोबाईलकडं बघत राहिले.

"म्हंजे एवढं दिस," ते सावकाश म्हणाले, "मी हितं बसून दुकान चालवलं, ते चालतच नव्हतं."

त्यांनी मोबाईलवरची नजर उचलली.

"गणपतरावानं गाडी लावलती?"

"व्हय."

"रिकामी गेली?"

"व्हय."

हे त्यांना लागलं. दुकान गेल्यापेक्षा हे जास्त लागलं, ते तिला दिसलं. त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला आणि तिला वाटलं आता ते ओरडतील. ओरडले असते तर तिला बरंच वाटलं असतं. पण अप्पांनी मोबाईल उचलला आणि बटणं दाबली.

"गणपतराव? चनबसाप्पा बोलतोय. तुमची गाडी माझ्या शब्दावर रिकामी गेली, मला आज कळलं. ... न्हाय, न्हाय, ऐका की. हितनं पुढं माझ्या शब्दावर गाडी लावू नका. महांतेश सांगंल ते खरं. म्या सांगितलं तरी त्यालाच इचारा."

फोन ठेवला. पवित्रा त्यांच्या पायाला हात लावायला वाकली, तर त्यांनी तिला हातानंच थोपवलं. काम अजून संपलं नव्हतं. त्यांनी दुसरा नंबर लावला. तो त्यांना पाठ होता. तीस वर्षं तोच नंबर दुकानाच्या पाटीवर होता.

पलीकडून महांतेशचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला, सौद्याच्या गोंगाटात, घाईतला, वैतागलेला. कोण बोलतंय, असं तो विचारत होता.

अप्पा खुर्चीत सावरून बसले.

"मालक हाईत काय? मी कुरुंदवाडचा चनबसाप्पा. जरा इचारायचं हुतं, आज गुळाला काय दर निघाला?"

पलीकडचा गोंगाट तसाच होता. त्यातला महांतेशचा आवाज तेवढा नाहीसा झाला.

"हाय की मी लायनीवर," अप्पा म्हणाले. "सांगा सावकाश."