कुटुंब म्हणजे कोण

वसाहतीत तिला सगळे टेपमावशी म्हणत. मापाची टेप कायम गळ्यात. एकदा दात काढायला गेली, तेव्हाही ती गळ्यातच होती. तळमजल्यावर तिच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि कापडाचे ढीग, मागच्या खोलीत ती आणि तिची धाकटी जाऊ. दोघी सख्ख्या भावांना दिलेल्या. दोन्ही भाऊ एका वर्षाच्या अंतराने गेले आणि तेव्हापासून बावीस वर्षं या दोघी एकत्र. थोरली बेतायची, शिवायची. धाकटी काजं-बटणं करायची आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायची, कारण थोरलीला ते कधी जमलं नाही.

त्या वर्षी गृहनिर्माण कार्यालयानं वसाहतीचा पुनर्विकास जाहीर केला. जुन्या चार इमारती पाडायच्या आणि त्याच जागी नव्या बांधायच्या. लोक खूश होते. भिंतींना ओल होती, जिन्याच्या पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झाल्या होत्या. घरोघरी एक गुळगुळीत पुस्तिका आली. तिच्यात नकाशे होते, रंगीत चित्रं होती आणि शेवटी दोन पानं ‘महत्त्वाच्या शब्दांचे अर्थ’.

सगळ्यांनी चित्रं पाहिली. धाकटीला मात्र औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा शेवटपर्यंत वाचायची सवय. दुपारी बटणं लावता लावता ती थांबली.

“जाऊबाई, आपण कुटुंब नाही.”

“काय नाही?”

“कुटुंब. हे बघा. ‘कुटुंब म्हणजे पती, पत्नी व त्यांची अविवाहित मुले.’ खाली लिहिलंय, एकट्या भाडेकरूला एक खोली. ‘इतर सहनिवाशांनी आपली पर्यायी व्यवस्था स्वतः करावी.’ भाडेपट्टा तुमच्या नावावर. म्हणजे सहनिवासी मी.”

मशीन थांबलं. थोरलीनं पान हातात घेतलं, दोनदा वाचलं.

“मी भावाकडे जाईन,” धाकटी हळूच म्हणाली.

“ज्यानं सहा वर्षांत फोन केला नाही, त्या भावाकडे? गप्प बस. बटणं लाव.”

दुसऱ्या दिवशी टेपमावशीनं दुकान बंद ठेवलं आणि मापांची वही घेऊन चारही इमारती पालथ्या घातल्या. छाती, कंबर, उंची लिहायच्या रकान्यांत तिनं घरं लिहिली. कोण राहतं, कोणाबरोबर, किती वर्षं. एक आजोबा आणि त्यांची नात. एक नर्स आणि तिची मावशी. दोन अविवाहित भाऊ, जे सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण जेवायचे एकाच टेबलावर. चौसष्ट घरांपैकी एकवीस घरं त्या एका ओळीत बसत नव्हती.

रहिवासी समितीचे अध्यक्ष होते निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी हात झटकला. “मावशी, असले शब्द छापायचे म्हणून छापतात. कोण बघतंय?”

“तुमचा मुलगा बघेल की. लग्न झालंय त्याचं, सून तुमच्याच घरात आहे. ते दोघं राहणार कुठे?”

पोस्टमास्तरांनी खिशातून चष्मा काढला आणि पुस्तिका मागितली.

शाळेच्या सभागृहात बैठक झाली. नियोजन अधिकारी तिशीतली, नीटनेटकी बाई होती. टेबलावर नव्या वसाहतीची छोटी प्रतिकृती, झाडं कापसाची. ती अर्धा तास छान बोलली. मग प्रश्न विचारायची वेळ आली आणि टेपमावशी उभी राहिली.

“बाई, तुमच्या पुस्तिकेत ‘लोकसहभाग’ म्हणून शब्द आहे. अर्थ दिलाय, रहिवाशांची मते विचारात घेणे. बरोबर?”

“अगदी बरोबर.”

“मग घ्या.” ती लोकांकडे वळली. “पुस्तिकेच्या शेवटच्या पानाप्रमाणे जे कुटुंबात मोडत नाहीत, त्यांनी उभं राहा रे.”

खुर्च्या करकरल्या. आजोबा नातीच्या खांद्याला धरून उठले. नर्स उठली, तिची मावशी उठली. ते दोघे भाऊ सभागृहाच्या दोन टोकांना बसले होते, ते दोन टोकांना उठले. सगळ्यात शेवटी, पदर सारखा करत, धाकटी उठली.

अधिकारी बाई बघतच राहिली. “ही व्याख्या मी…” ती थांबली. “खरं सांगते. आधीच्या एका प्रकल्पाच्या पुस्तिकेतून मी ती जशीच्या तशी उचलली. नीट वाचलीही नव्हती.”

सभागृहात गलका झाला. पोस्टमास्तर तावातावानं पुढे सरसावले, तसा टेपमावशीनं त्यांचा सदरा मागून धरला.

“बसा. कबूल केलंय ना तिनं? मी काय कमी बाह्या उलट्या जोडल्यात? उसवायच्या आणि परत जोडायच्या. बाई, मंगळवारी दुकानात या.”

बाई खरंच आली. तीन मंगळवार आली. कापडाचा ढीग बाजूला सारून स्टुलावर बसायची आणि अडचणी मांडायची.

“एका घरात राहून एकत्र जेवणारे ते कुटुंब, एवढंच लिहा,” टेपमावशी म्हणाली.

“जेवल्याचा पुरावा काय? उद्या कोणी दहा चुलतभाऊ आणून उभे केले तर?”

सुईत दोरा ओवत धाकटी म्हणाली, “तीन वर्षांची अट घाला. त्या पत्त्यावर राहत असल्याचा कुठलाही एक कागद. दवाखान्याचा, शाळेचा, कसलाही. आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या. नातं विचारूच नका.”

“आणि शेजारी खोटं बोलले तर?”

“तर मी आहे,” पोस्टमास्तर दारातून म्हणाले. “तीस वर्षं या वसाहतीची पत्रं माझ्या हाताखालून गेलीत. कोण कुठे राहतं, ते मला झोपेतून उठवून विचारा.”

बाई हसली आणि लिहून घेऊ लागली. त्याच बैठकीत ‘तात्पुरते स्थलांतर’ या शब्दापुढे ‘जास्तीत जास्त चोवीस महिने’ हेही मावशीनं लिहवून घेतलं. “तात्पुरतं म्हणजे किती ते नको कळायला? गिऱ्हाइकाला मी ‘लवकरच’ म्हणते, तेव्हा मला माहीत असतं की मी थाप मारतेय.”

सगळंच मनासारखं झालं नाही. नव्या आराखड्यात दुकानं मागच्या फाटकाजवळ गेली, रस्त्याच्या तोंडावरची जागा गेली. त्यासाठी टेपमावशी खूप भांडली, पण तिथे डाळ शिजली नाही. दोन दिवस ती धुसफुसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “येईल गिऱ्हाईक शोधत.” आणि नव्या दुकानाच्या दाराचं माप मागायला कार्यालयात गेली.

दोन महिन्यांनी व्याख्या मंजूर झाली. एकवीसच्या एकवीस घरं पात्र ठरली. आजोबा नातीला घेऊन दुकानात पेन विकत आणायला गेले, सही चांगल्या पेनानं करायची म्हणून. ते दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता एकाच कागदावर सही करून गेले.

नव्या करारात दोघीही भाडेकरू होत्या, म्हणून दोघींच्या सह्या लागत होत्या. टेपमावशीनं फर्रकन सही केली. धाकटीनं मात्र आधी हात पुसले. आजवर तिचं नाव कुठल्या घराच्या कागदावर आलंच नव्हतं. लग्नाआधी वडिलांचं घर, मग नवऱ्याचं, मग जावेचं. तिनं पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सावकाश. तिच्या मागे रांग खोळंबली, पण कोणी कुरकुर केली नाही.

बाहेर पडल्यावर ती नकाशा उलगडून बघू लागली. “दोन खोल्या आहेत. खिडकीवाली माझी.”

“खिडकीवाली?” थोरली जागच्या जागी थांबली. “रात्रीचं राहिलेलं काम मी काय अंधारात करू?”

“करा ना माझ्या खोलीत. पण दार वाजवून यायचं.”