सोबतीला आई

वीरण्णानं दुधाचे कॅन बांधलेली मोटरसायकल थांबवली, तेव्हा पळून पळून गीताबाईंचा जीव नुसता कासावीस झाला होता. तरी त्या थांबल्या. राजेश्वर गावच्या वाटेवर ओळखीचं माणूस पायी दिसलं की गाडी थांबते, आणि गाडी थांबली की पायी जाणाऱ्यानं दोन शब्द बोलायचे असतात. पळणारी बाई दिसली तर मग बघायलाच नको. पहिल्या आठवड्यात निम्म्या गावानं "कोण गेलं, अक्का?" असं विचारून झालं होतं.

"बसा की अक्का, पुलापर्यंत सोडतो."

"नगं वीरण्णा. पळायलोत आमी."

तो रोजच्यासारखा हसला आणि डेअरीकडे गेला. त्यांची लेक मंजुश्री शेजारी उभ्याउभ्या पाय हलवत होती. दोघी पुन्हा पळू लागल्या.

भाद्रपदातलं आभाळ चार दिवस तसंच लोंबत होतं. पाऊस नाही, वारा नाही, तुरीच्या रानातून नुसती वाफ येत होती. गीताबाईंनी नेसूचं खोचून लेकीचे जुने बूट घातले होते. शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांच्यावर ही वेळ आली ती नवऱ्याच्या, अंकुशरावांच्या अटीमुळे. पोरीनं पोलीस भरतीला जावं, पण सकाळच्या पारी एकटीनं रस्त्यावर पळू नये. त्यांचा स्वतःचा गुडघा कामातून गेलेला. मग उरलं कोण?

सुरुवातीला लिंबाच्या झाडापर्यंतही त्यांना पोचता येत नव्हतं. आता फाट्यापासून पुलापर्यंत आठशे मीटर त्या कुठं न बसता पळत येत होत्या. याचा त्यांना मनातून फार अभिमान होता, पण बोलायची सोय नव्हती. कारण पोरीचंच काही खरं दिसत नव्हतं. सोमवारी कलबुर्गीला चाचणी. आठशे मीटर चार मिनिटांच्या आत. वयात बसणारी ही शेवटची भरती.

पुलावर पोचताच त्यांनी हातातल्या मोबाईलचं बटण दाबलं. वीरण्णाचं बोलणं धरून सव्वासहा मिनिटं.

"मंजू, अशानं कसं व्हायचं तुझं? पाचच दिस राहिले. कामून पाय उचलंना तुझा?"

"व्हईल की आई," मंजुश्री म्हणाली आणि कमरेची ओढणी सोडून तिनं आईपुढं धरली. "तोंड पूस आदी."

गीताबाईंच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. त्यांनी ओढणी तोंडावर दाबली. ती कोरडी होती.

त्यांनी ओढणी खाली घेतली आणि लेकीकडे नीट पाहिलं. इतक्या उकाड्यात कपाळाला नुसता ओलसरपणा. श्वास तर चुलीपुढं बसल्यासारखा संथ. पोरीला दम लागलाच नव्हता.

पहिला दिवस त्यांना आठवला. मंजुश्री वळणापलीकडे दिसेनाशी झाली होती आणि त्यांनी घाबरून हाक मारली होती, "थांब गं, एकटी पुढं जाऊ नगं!" रानातली माणसं उठून बघायला लागली होती. पोर खाली मान घालून परत आली. त्यानंतर ती एक पाऊलही पुढं गेली नव्हती. आणि आपण रोज तिलाच बोलत आलो. गीताबाईंना स्वतःची लाज वाटली, आणि पोरीचा रागही आला. सांगायचं नाही का एका शब्दानं?

डेअरीत दूध घालून वीरण्णा परतला आणि सवयीनं थांबला.

"बसा की अक्का."

गीताबाई आल्या आणि रिकाम्या कॅनांना धरून मागं बसल्या. वीरण्णा बघतच राहिला.

"पाय दुखायलाय का आई?" मंजुश्रीनं विचारलं.

"पायाला काय झालं न्हाई. तू पळ."

"आन् अप्पा?"

"सोबत असावं म्हनले त्येनी. हाय की मी."

त्यांनी बटण दाबलं. मंजुश्री सुटली. वीरण्णानं गाडी मागोमाग घेतली, पण खड्ड्यांतून कॅन उडायला लागले तसा त्याचा वेग पडला. पोरीची पाठ लहान होत गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली. गीताबाईंच्या गळ्याशी हाक आली होती. त्यांनी कॅनची कडी घट्ट धरली.

"जोरात घेऊ का, अक्का? गाठू तिला."

"नगं. हाय तशीच चालू दे."

फाट्यावर आले तेव्हा मोबाईल अजून तीन मिनिटं पंचावन्न सेकंद दाखवत होता, आणि मंजुश्री कधीची येऊन गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. तिच्या नाकावरून घाम टपटप डांबरावर पडत होता.

"किती?" तिनं धापा टाकत विचारलं.

गीताबाई गाडीवरून उतरल्या. उत्तर द्यायच्या आधी त्यांनी तिचं तोंड पुसायला पदर पुढं केला, पण तो कधीचाच चिंब झाला होता.