लाभली आणि लाभो

दौलतराव भोपींना अखेर आंतरिक शांती लाभली. तूर्त हे झालंच नाही असं धरून चालू, कारण ऐन त्या सकाळी चहात साखर जास्त पडली म्हणून त्यांनी कपबशी ओट्यावर आपटली आणि बशीचा एक तुकडा थेट फ्रीजखाली गेला.

"रागावला तो देह," त्यांनी खुलासा केला. "मी फक्त साक्षी."

"मग साक्षीला सांगा, तुकडे उचलायला," त्यांच्या पत्नी सुनंदाबाई म्हणाल्या आणि स्वतःच खाली वाकल्या.

निवृत्तीनंतर बदलापूर गावातल्या या घरात दौलतरावांनी अध्यात्म धरलं होतं. म्हणजे अध्यात्माची मानगूटच धरली होती. पहाटेचा ओंकार इतका खणखणीत, की गल्लीतला कुत्रा गल्ली बदलून गेला. येत्या रविवारी अंबरनाथच्या हॉलमध्ये निःशब्दानंद महाराज त्यांना 'स्थितप्रज्ञ' ही पदवी देणार होते आणि मौनाचं महत्त्व माईकवरून समजावणार होते. नगरपालिकेत आयुष्यभर आवक-जावक सांभाळलेल्या सुनंदाबाईंची मागणी त्यामानाने किरकोळ होती: एक कप चहा, कोणी न ओरडता.

पदवीची बातमी गावाला आधीच कळावी म्हणून दौलतरावांनी उल्हासनगर कॅम्प चारमधल्या जितेशला फोनवर मजकूर सांगून बॅनर करायला टाकला होता. तो आज सकाळीच नाक्यावर लागला.

तुकडे केरात पडतात न पडतात तोच दारात कौसाबाई आली. डोंगराकडच्या पाड्यावरून रोज भाजी घेऊन येणारी; आज पाटी नव्हती, डोक्यावरून पदर होता.

"बाय गं, असा कसा गेला गं भाऊ," असा सूर तिने लावला आणि बनियनवरचे दौलतराव दिसताच मध्येच तोडला. "ह्यो तं उभा हाय."

"कोण गेला?" दौलतराव म्हणाले.

"तूच. नाक्यावर फोटू लावलाय तुजा, हार घालून. पोरांनी वाचून दावलं, आत्म्यास शांती लाभो."

दौलतरावांनी जितेशला फोन लावला. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"काका, तुम्हीच बोलले ना, आत्म्याला शांती लाभली. मी आपला रेडी डिझाईन उचलला, फोटो ब्लॅक अँड व्हाईट केला. तुमचं 'लाभली' चुकलं होतं, ते 'लाभो' करून दिलं."

"अरे गाढवा, मी जिवंत आहे."



"फिर शांती कशी लाभली, काका?"

देहाने फोन सोफ्यावर फेकला, चपला घातल्या आणि बॅनर फाडायला तो नाक्याकडे निघाला. साक्षीही नाइलाजाने मागोमाग गेला.

घरात पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. तो कुरकुरतो, हे सुनंदाबाईंना आजच कळलं. त्यांनी चहा ओतला.

"मंग आता रडू का नको?" कौसाबाईने विचारलं.

"बस. चहा घे आधी."

कौसाबाईने घोट घेतला, घरभर नजर फिरवली.

"आज बरा वाटतं तुज्या घरात." भिंतीवरच्या महाराजांच्या तसबिरीकडे तिने हनुवटी उडवली. "माग कायतरी. बोल लवकर."

नाक्याकडून दौलतरावांचा आवाज घराच्या दिशेने येऊ लागला होता. सुनंदाबाईंनी कप खाली ठेवला, पदर सारखा केला आणि ज्या आवाजात आयुष्यभर लोकांचे अर्ज वाचले, त्याच आवाजात तसबिरीला म्हणाल्या,

"सदर फलकावर नमूद केलेली शांती पुढील आदेशापर्यंत आहे तशी कायम ठेवण्यात यावी, ही विनंती."