स्वस्त लेन्सचा निकाल

"बॅकग्राऊंड बघ, वसुमती, बॅकग्राऊंड!" डॉक्टर सेतुमाधव पडद्यासमोर उभे राहून मला म्हणाले. "माझ्या फोटोत कसं रेशमासारखं अहे! आणि तुझ्यात काय अहे? पंपघर, बांध, कोणाची तरी वाळत घातलेली लुंगी. पक्षी शोधावा लागतो गे!"

शाळेच्या हॉलमध्ये बसलेली वीस-बावीस माणसं हसली. मीही हसले असते, पण ती लुंगी माझ्या फोटोत होती.

आमच्या तंजावूरच्या पक्षीफोटो क्लबची ती रविवार संध्याकाळची बैठक होती आणि कामं दोन होती. पहिलं म्हणजे स्वस्तातल्या झूम लेन्सचा निकाल लावायचा. दीडशेपासून सहाशे मिलिमीटरपर्यंत लांबणारी, दोन किलो वजनाची, नोकरदार माणसाला झेपेल अशी ही लेन्स क्लबनं नव्या पोरांना घ्यायला सांगावी की नाही? क्लबात ती फक्त माझ्याकडे. डॉक्टरांची लेन्सही सहाशेचीच, पण तिच्या किमतीत माझ्या लेन्ससारख्या डझनभर आल्या असत्या. म्हणून त्याच दिवशी सकाळी एकाच तलावावर, त्याच पक्ष्यांचे फोटो दोन्ही लेन्सनी काढले होते आणि आता ते शेजारी शेजारी लावून गुण देणं चाललं होतं.

दुसरं काम माझ्या जिवाचं होतं. ओरत्तनाडूच्या अलीकडे अल्लीकुळम नावाचा तलाव आहे. त्यात चौदा जुन्या बाभळी उभ्या आहेत आणि पोंगल होऊन गेला की त्यांच्यावर करकोच्यांची पिल्लं असतात. मिटल्या चोचीतही मधे फट राहणारे हे करकोचे भाताच्या खाचरांतल्या गोगलगाई फोडून खातात, म्हणून शेतकरी त्यांना कधी हाकलत नाहीत. यंदा त्या बाभळींचा जळणासाठी लिलाव झाला. ठेकेदाराच्या माणसानं बुंध्यांवर पांढऱ्या रंगानं एक ते चौदा आकडेसुद्धा टाकले. आम्ही वनखात्याच्या ऑफिसात अर्ज केला तेव्हा शुक्रवारची सुनावणी मिळाली. घरट्यांत पिल्लं आहेत हे फोटोंनी दाखवा, ती उडेपर्यंत तोड थांबवू, असं साहेबांनी तोंडी कबूल केलं होतं. तेव्हा सकाळचेच फोटो अर्जाला जोडायचे होते.

मला माझ्या लेन्सचं उगाच कौतुक करायचं नाही. खोटं कशाला बोलू? उजाडताना ती चाचपडते. फोकस पुढे जातो, मागे येतो, तोवर पक्षी उडून जातो. पाचशेच्या पुढे गेलं की पिसांची धार बोथट होते. उन्हं वर आली आणि पाण्यावरून वाफ उठू लागली की सगळं चित्र थरथरतं. हे मी बैठकीत स्वतः सांगितलं. पण हीच लेन्स घेऊन बांधावर उभी राहिले तेव्हा दीडशे फुटांवरच्या घरट्यातलं पिल्लू मला जांभई देताना दिसलं होतं, तेही सांगितलं. ते कोणी लिहून घेतलं नाही.

"दहापैकी चार," डॉक्टर म्हणाले. "लिहा, शिकाऊंपुरती ठीक. गंभीर कामासाठी शिफारस नाही."

"सरि, ठीक अहे, लेन्स नापास," मी म्हटलं. "पण अर्जाला माझेच फोटो लावा, डॉक्टर."

"का म्हणून?"

"तुमच्या फोटोत झाड कुठाय? नंबर कुठाय? हा पक्षी अल्लीकुळमचा कशावरून? माझ्या प्रत्येक फोटोत बुंध्याचा आकडा अहे, वर घरटं अहे, मागे पंपघर अहे. मी मुद्दाम तसं काढलंय."

"अय्यो, वसुमती! झाड कोणाला बघायचं अहे? तिथे मोठे साहेब बसतात. हे तुझे फोटो ठेवले तर क्लबचं नाक कापलं जाईल. ही एक्स-रेची खोली नव्हे!"

पुन्हा सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी एकतीस वर्षं एक्स-रे काढते आहे. याच डॉक्टरांच्या हॉस्पिटलात. फिल्मच्या कोपऱ्यात डावं की उजवं हे सांगणारं शिशाचं अक्षर ठेवायचं असतं. ते नसेल तर फिल्म कितीही सुंदर असो, उपयोग शून्य, कारण कोणता पाय कापायचा हे ती सांगत नाही. हे मला शिकवलं कोणी? याच सेतुमाधव डॉक्टरांनी! नोकरीच्या पहिल्या महिन्यात अक्षर ठेवायला विसरले, तर पेशंटसमोर फिल्म माझ्या अंगावर भिरकावली होती. बरोबरच केलं त्यांनी, मी कधी मनात ठेवलं नाही. पण सोमवार ते शनिवार ज्या बाईच्या फिल्मवर भरवसा ठेवून तुम्ही माणसांची हाडं उघडता, तिची नजर रविवारी एकदम नालायक होते?

घरी आल्यावर हे सगळं मी यांना ऐकवलं. आमचे हे, म्हणजे व्यंकटरमण, बँकेतून निवृत्त झालेत आणि माझ्या पक्ष्यांपायी मोपेडचे ड्रायव्हर झालेत. अंगावर पंचा टाकून शांतपणे दही-भात कालवत होते.

"अगे, झालं कां?" ते म्हणाले. "आता जेव. लेन्स नापास झाली, तू नाही."

"मीच झाले हो नापास! चौदा झाडं होती आणि माझ्याकडे फोटो अकराच अहेत."

हे मी बैठकीत बोलले नव्हते. सकाळी साडेसहाला मी एक नंबरपासून सुरुवात केली होती. आकडा, घरटं, पिल्लं, मग पुढचं झाड. अकरापर्यंत आले तर पूर्वेच्या कोपऱ्यात डॉक्टरांनी तिपाई रोवून, वर हिरवं जाळीचं कापड टाकून ठाण मांडलेलं. बारा, तेरा, चौदा तिथेच. मी दिसताच त्यांनी कापडातून हात बाहेर काढला आणि कोंबडी हाकलावी तसा हलवला. "आता नको, पक्षी बुजतील. माझं झाल्यावर ये."

आणि मी गेले मागे! कोणी धरलं नव्हतं, ढकललं नव्हतं. तलाव काही त्यांच्या हॉस्पिटलात नाही. पण डॉक्टर आले की बाजूला व्हायचं, ही पायांना लागलेली सवय. त्यांचं झालं नऊ वाजता. तोवर पाण्यावरून वाफ उठली होती, माझ्या लेन्सनं तीन झाडांचं नुसतं पिठलं करून दाखवलं, आणि दहाला माझी इमर्जन्सीची ड्यूटी होती, रविवार असूनही. निघाले.

"मग पुन्हा जाऊ की," हे म्हणाले.

पण त्या आठवड्यात दुसरी टेक्निशियन रजेवर. रोज सकाळी सहाला हजर व्हायचं होतं. सुट्टी मागायला गेले तर डॉक्टर म्हणाले, "कशाला गे? माझे सहा फोटो भारी अहेत. साहेब बघतच राहतील."

साहेब बघतच राहिले, हे मात्र खरं. शुक्रवारी ऑफिसात डॉक्टरांनी ते मोठ्ठे चकचकीत फोटो टेबलावर मांडले, तेव्हा साहेबांनी चष्मा काढून पुन्हा लावला. करकोच्याच्या डोळ्यातली बाहुली दिसत होती. चोचीच्या मधल्या फटीतून मागचं हिरवं दिसत होतं.

"फार सुंदर, डॉक्टर," साहेब म्हणाले. "याचं कॅलेंडर करा."

"थँक यू, सार."

"कुठले हे?"

"अल्लीकुळमचे, सार."

कोपऱ्यात ठेकेदार बसला होता. तो हळूच म्हणाला, "सार, असले पक्षी सगळ्या डेल्टात अहेत. आमच्या झाडांवरची घरटी जुनी, रिकामी. ह्या फोटोत आमचं झाड कुठे दिसतंय?"

साहेबांनी सहाही फोटो पुन्हा पाहिले. रेशमी हिरवं, रेशमी निळं. झाड नाही, बांध नाही, तलावसुद्धा नाही. डॉक्टरांनी घसा साफ केला. "मी स्वतः काढलेत. माझा शब्द अहे."

"डॉक्टर, तुमच्या शब्दाबद्दल मला आदर आहे. पण तो फाइलला लावता येत नाही."

तेव्हा मी उठले. क्लबनं मला बोलायला नेलंच नव्हतं, माणसं जास्त दिसावीत म्हणून नेलं होतं. एक्स-रेच्या खाकी पाकिटातून माझे अकरा फोटो काढले आणि साहेबांसमोर एकाखाली एक ठेवले.

"अम्मा, हे काय?"

"आकडा वाचा, सार. मग वर बघा."

साहेब वाचू लागले. "नऊ... पिल्लं तीन. सात... पिल्लं दोन. हे पंपघर माझ्या ओळखीचं आहे." मग ठेकेदाराकडे वळून म्हणाले, "ही घरटी रिकामी आहेत का हो?" ठेकेदार छताकडे बघू लागला.

साहेबांनी तिथेच हुकूम लिहिला. एक ते अकरा, पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही. मग पेन थांबलं.

"बारा, तेरा, चौदा?"

"माझे सहाही फोटो त्याच तीन झाडांचे अहेत, सार!" डॉक्टर जवळजवळ ओरडले.

"असतील. पण नंबर नाही. सोमवारी नंबरासकट फोटो आणा, तीही घालू."

बाहेर पडल्यावर डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आपण जिंकलो, वसुमती!" आपण म्हणे! चौदांतली अकरा वाचली म्हणजे डॉक्टरांना जिंकल्यासारखं वाटतं. मी खांदा काढून घेतला आणि म्हटलं, "उद्या मी येत नाही. एक्स-रे कोण काढेल ते तुम्ही बघा." एकतीस वर्षांत असं पहिल्यांदा म्हटलं. शुक्रवारी म्हटलं. सोमवारीच, सुट्टी मागितली तेव्हा, म्हणायला हवं होतं.

ठेकेदार काही खुळा नव्हता. सोमवार त्यानंही ऐकला होता. शनिवारी सकाळी आम्ही मोपेड काढत होतो तेवढ्यात तलावाकाठच्या चहाच्या टपरीवाल्या मुरलीचा फोन आला. "अक्का, लवकर या. पाच वाजल्यापासून करवतीचं मशीन चालू अहे."

यांनी मोपेड इतकी पळवली की मी लेन्स पोटाशी धरून डोळे मिटून बसले. पोचलो तेव्हा मशीन थांबलं होतं. माणसं टपरीवर चहा पीत होती. तीन बाभळी काठाच्या उथळ पाण्यात आडव्या पडल्या होत्या. घरट्यांच्या काटक्या सगळीकडे तरंगत होत्या, आणि त्यांच्यात करड्या पिसांचे ओले गोळे. मी मोजले. सात. एकही हलत नव्हता.

"कसं काय तोडलंत रे, मेल्यांनो?" मी टपरीकडे बघून ओरडले. "डोळे नव्हते तुम्हाला?" एक जण खाली मान घालून म्हणाला, "अम्मा, आम्हाला नंबर सांगितले, तेवढे तोडले."

डॉक्टरही आले होते. मुरलीनं त्यांनाही फोन केला असावा. गाडीचं दार उघडं टाकून ते काठावर उभे होते, हातात ती भलीमोठी लेन्स नव्हती. मी कॅमेरा काढला तसे म्हणाले, "वसुमती, ह्याचे फोटो नको काढू. वाईट दिसतं. आपण पुढच्या वर्षी आधीपासून..."

"ह्यांना पुढचं वर्ष कुठाय, डॉक्टर?" मी म्हटलं. "त्या दिवशी तुम्ही हात हलवलात आणि मी मागे गेले. तुम्ही चुकलात आणि मीही चुकले. पण तुमचे फोटो भिंतीवर लागतील. माझी चूक ही इथे पाण्यात पडली अहे. आता गप्प उभे राहा."

यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं.

मी पाण्याजवळ गेले, पण इतक्या जवळचं त्या लेन्सला दिसेना. तीन पावलं मागे सरले, तेव्हा कुठे चित्र स्वच्छ झालं. एकेक पिल्लू काढलं. सातही.

चौथ्या पिल्लाचा फोटो काढताना एक मोठा करकोचा वरून आला होता. दोन घिरट्या घालून उंच निघून गेला होता. सातवं झाल्यावर तो पुन्हा आला आणि आडव्या पडलेल्या बाभळीवर उतरला. चोचीत गोगलगाय होती. इतकी माणसं उभी असताना तो उतरला. आमच्यातलं कोणी हललं नाही.

त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग गोगलगाय बुंध्यावर खाली ठेवली आणि पिल्लांना खायला जागा व्हावी म्हणून दोन पावलं बाजूला सरून उभा राहिला.