सलामी धक्क्यावर

आमच्या बेटावर दारातून आत येणाऱ्यानं आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं. जो म्हणत नाही त्याचं बोलणं आम्हाला ऐकूच येत नाही. जन्मजात दोष आहे, इलाज नाही.

गव्हर्नर ग्रँबी हे बंदूक कधी हाती न धरलेले वकील. महायुद्धात ते समुद्रापलीकडच्या राजधानीत युद्धखात्याचे सल्लागार होते. काळ्या-गोऱ्यांच्या पलटणी एक करा म्हणून भांडले, कोणी ऐकेना तेव्हा राजीनामा फेकला आणि पुढे इथे गव्हर्नर होऊन आले. स्वतः काळे, म्हणून त्यांचं म्हणणं ‘वैयक्तिक’ ठरलं. गोऱ्यांचं मात्र धोरण असतं.

युद्धावरून परतलेल्यांचं चौकात संचलन ठरलं. साहेबांची अट एकच: सगळे एका रांगेत. साहेबांच्या बंगल्याचं दार सांभाळणाऱ्या मिस युडोराचा मुलगा ऑस्मंड त्यात चालणार होता. दोन वर्षं तो परदेशात खंदक खणत होता; बंदूक गोऱ्यांकडे.

आदल्या दिवशी मी साहेबांच्या भेटीसाठी बंगल्यातल्या बाकावर बसलो होतो. लष्करी तळावरचा कॅप्टन लोमॅक्स आपल्या लेफ्टनंटला घेऊन तरातरा आत आला.

“गव्हर्नर कुठंयत?”

मिस युडोरा पडद्याची घडी घालत राहिली.

“ठार बहिरी दिसते,” कॅप्टन म्हणाला आणि तिच्यासमोरच बोलू लागला. “गव्हर्नरला हो म्हणून टाकू. उद्या सकाळी काळ्यांना धक्क्यावर पोती उतरवायला पाठव. रांग आपोआप गोरी होईल.”

माझी तर त्याच्या हिशेबी बाकातच गणना.

साहेब बाहेर आले. कॅप्टन गोड हसला. “एकच रांग, सर. शब्द देतो.”

“गुड मॉर्निंग, साहेब,” मिस युडोरा म्हणाली. “ह्यांना विचारा, माझ्या पोरानं उद्या मेडल पोत्याखाली लावायचं की पोत्यावर?”

कॅप्टनचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला. “काम निकडीचं आहे. सैन्य माझं आहे, सर!”

“आहे ना. सलामी मात्र मी घेणार,” साहेब म्हणाले. “उद्या मी धक्क्यावर असेन.”

सकाळी गाव तिकडेच लोटलं. बँडला रिकाम्या चौकात वाजवायचा कंटाळा आला, तोही आला. मागून नाइलाजानं गोरी पलटण. ऑस्मंडनं पोतं खाली ठेवलं, पिठानं माखलेला सदरा झटकला आणि दोन गोऱ्यांच्या मधे जाऊन उभा राहिला. त्याच्यामागून बाकीचे.

“बाहेर हो!” कॅप्टन ओरडला.

साहेबांनी हॅट काढली. “कॅप्टन, सलामी चालू आहे. नंतर ओरडा.”

मिस युडोरा रडली नाही. “सरळ चाल रे, ऑस्मंड!” एवढंच खेकसली.

त्या रात्री ऑस्मंडला पुन्हा काळ्यांच्याच बराकीत झोपायला धाडलं. आम्ही साहेबांना खांद्यावर घ्यायला गेलो तर ते चिडले. “बराक एक झाली का? मग कसला आनंद?” म्हणाले आणि पुन्हा भांडायला राजधानीची बोट पकडायला निघाले.