खिशातला व्हेटो

नेब्रास्कातल्या विल्बर गावात जो कुस्ती शिकवतो, त्यालाच राज्यघटनाही शिकवायला देतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लाईल स्टॉफर सकाळी शाळेत अमेरिकेची राज्यघटना शिकवायचा आणि दुपारी त्याच मुलांना एकमेकांच्या माना कशा धरायच्या ते शिकवायचा. दोन्हीकडे मुद्दा एकच, असं त्याचं म्हणणं होतं. सगळी ताकद एकाच्या हातात जाता कामा नये. मुलं दोन्हीकडे त्याला 'कोच' म्हणत.

घटना त्याने घरातही लागू केली होती, आणि त्याला कारण ट्रुडी. सहा वर्षांची असताना तिने जेवता जेवता सहज विचारलं, "डॅड, आपल्या घरात कुणाचं चालतं?" दुसऱ्या कुठल्याही बापाने "तुझ्या आईचं" म्हणून विषय संपवला असता. लाईलने उठून फळा आणला.

तेव्हापासून लाईल राष्ट्राध्यक्ष होता. त्याची बायको डोरीन म्हणजे अख्खी सिनेट. ट्रुडी म्हणजे प्रतिनिधिगृह: सभापती तीच, बहुमत तीच, आणि मूड गेला की विरोधी पक्षही तीच. करांचं विधेयक प्रतिनिधिगृहातच सुरू व्हावं लागतं, असं घटनेत लिहिलेलं असल्यामुळे खाऊच्या पैशांचा विषय दर आठवड्याला तीच काढायची, आणि तिला गप्प बसवण्याची सोय घटनेत नव्हती. बिस्किट नावाचा कुत्रा उपराष्ट्राध्यक्ष होता. सिनेटमध्ये समसमान मतं पडली तरच त्याला मत. सिनेट एकट्या डोरीनची, त्यामुळे तशी वेळ कधी आली नाही. बिस्किटने त्याबद्दल तक्रार केल्याचं कुणाला आठवत नाही. सर्वोच्च न्यायालय शेजारच्या घरात राहायचं. पोस्टातून निवृत्त झालेल्या मिसेस हावलाट. नेमणूक झाली तेव्हाच त्यांनी ऐंशी ओलांडलेली. पद तहहयात असतं हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मग जरा लवकर उरका."

सात वर्षं हे सरकार सुरळीत चाललं. मग डोरीनचे वडील पडले.

एमिल वॉन्ड्रा शेतावरच्या घरात एकटे राहत. सप्टेंबरात ते स्वयंपाकघरात पाय घसरून पडले. उठता येईना, तेव्हा पडल्या पडल्या रेडिओवरचा फुटबॉलचा अख्खा सामना ऐकून मगच त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली. नेब्रास्काचा संघ हरल्यामुळे आवाज थोडा रडवेला आला आणि शेजाऱ्याने घाबरून रुग्णवाहिका बोलावली. आता त्यांना फार दिवस एकटं ठेवणं शक्य नव्हतं. लिंकन शहरातल्या एका वृद्धाश्रमात खोली रिकामी होती आणि पुढच्या पुढच्या बुधवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं.

"जागा चांगली आहे," लाईल म्हणाला. "मी बघून आलो. बिंगो असतं तिथे."

"बिंगो मी मेल्यावर खेळेन," एमिल म्हणाले.

ट्रुडी त्यांना 'डेडा' म्हणायची, म्हणजे चेक भाषेत आजोबा. शेतावरून घरी परतल्यावर तिने त्याच संध्याकाळी विधेयक मांडलं: एमिल वॉन्ड्रा यांना स्टॉफर घराण्यात नवं राज्य म्हणून दाखल करून घ्यावं. मुक्काम, लाईलची खोली. लाईल त्या खोलीला 'ओव्हल ऑफिस' म्हणायचा. खोली चौकोनी होती. त्यात त्याचे कुस्तीचे चषक होते, घटनेची चौकटीतली छापील प्रत होती आणि दार लावून बसायची सोय होती. घरात दार लावून बसता येईल अशी ती एकच जागा होती.

खोलीचं सोडा, पण सासरे. लाईल मूळचा कॅन्ससचा, म्हणजे शेजारच्याच राज्याचा, आणि हे एमिलनी त्याला सोळा वर्षांत माफ केलं नव्हतं. जावयाला ते 'मास्तर' म्हणत. दर रविवारी पोर्क आणि डम्पलिंग पुढ्यात आलं की विचारत, "काय मास्तर, चाललंय का अजून तुमचं सरकार?" आणि स्वतःच हसत. रविवारचं हे हसणं आता रोज ऐकावं लागणार होतं.

विधेयक दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झालं. एकेकच सदस्य असल्यामुळे एकमत जमायला फार वेळ लागला नाही. डोरीनने कागद लाईलच्या ताटाशेजारी ठेवला. "मिस्टर प्रेसिडेंट," ती म्हणाली, "सही कर आणि वाटाणे इकडे दे."

लाईलने वाटाणे दिले. कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

तो उगाच कोच नव्हता. सरळ व्हेटो वापरला, तर दोन तृतीयांश मतांनी दोन्ही सभागृहं तो उलथवतील, हे त्याला कळत होतं. एकाचे दोन तृतीयांश करायला गेलं तरी शेवटी एकच येतो, आणि तो एक त्याच्याविरुद्ध होता. पण घटनेत आणखी एक वाट होती. विधेयक आल्यावर राष्ट्राध्यक्षाला दहा दिवस मिळतात, रविवार सोडून. काहीच केलं नाही, तर दहा दिवसांनी ते आपोआप कायदा होतं. मात्र तेवढ्यात काँग्रेसचं, म्हणजे दोन्ही सभागृहांचं, अधिवेशन उठलं, तर ते खिशातल्या खिशात मरतं. खिशातला व्हेटो. तो कुणालाच उलथवता येत नाही.

आणि डोरीन पुढच्या आठवड्यात शुक्रवारी ओमाहाला जाणार होती. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मंगळवारी परत येणार. मुदत सोमवारी संपत होती. सिनेटच गावाला गेली म्हटल्यावर कसलं अधिवेशन?

लाईलने स्वतः गाडीत पेट्रोल भरून आणलं. टायरमधली हवा तपासली. "घाई करू नकोस," तो म्हणाला. "ती दुसराही गुडघा करून घेत असेल तर थांब."

डोरीनने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, ट्रुडीकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

शनिवारी सकाळी लाईल खाली आला तेव्हा ट्रुडी रिकाम्या टेबलाच्या टोकाशी उभी होती. हातात सूप वाढायचा डाव. तिने तो टेबलावर ठोकला.

"प्रतिनिधिगृहाचं कामकाज सुरू झालेलं आहे. आज काही काम नाही. कामकाज पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब." परत एकदा डाव ठोकला, बसली आणि दूध-सीरियल खाऊ लागली.

आईची आठवण येत असणार, असं लाईलला वाटलं. पोर बिचारी. त्याने तिला एक पॅनकेक जास्तीचा करून दिला. सोमवारीही तिने डाव ठोकला, तेव्हा दोन दिले.

मधल्या रविवारी तो तिला घेऊन शेतावर गेला. एमिलनी सामान बांधायला घेतलं होतं. खोक्यात रेडिओ, दोन स्वेटर आणि बायकोचा फोटो, एवढंच. लाईलने सोबत नेलेलं पोर्क गरम करून वाढलं आणि तो सवयीने पहिल्या टोमण्याची वाट बघत बसला. टोमणा आला नाही. एमिल खाली बघून जेवले. मीठ कमी होतं तरी बोलले नाहीत. निघताना म्हणाले, "मास्तर, त्या बिंगोला पैसे लागतात का?"

परतताना लाईलने गाडीत रेडिओ लावला नाही. खिशातला कागद छातीला टोचत होता. शर्टाला कांजी जास्त झाली असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

मंगळवारी डोरीन परतली. जेवायला राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल होते. सगळे बसल्यावर लाईल उभा राहिला. काय करायचं ते ठरलेलं होतं, ते करून टाकलं की सुटलो, असा त्याचा चेहरा होता. त्याने कागद टेबलावर ठेवला.

"कळवायला खेद होतो," तो म्हणाला, "की मुदत काल संपली, आणि काँग्रेसचं अधिवेशन शुक्रवारीच उठलेलं असल्यामुळे हे विधेयक वारलं. उद्या मी लिंकनला होकार कळवतो."

"मिस्टर प्रेसिडेंट," ट्रुडी रोलवरची साखर चाटत म्हणाली, "आपण कुठल्या काँग्रेसबद्दल बोलताय? आमचं अधिवेशन चालू होतं."

"कोण म्हणतं?"

"तू होतास की तिथे, डॅड. पॅनकेक करत होतास."

लाईलच्या डोक्यात सुपाचा डाव ठणकन वाजला. नावापुरती बैठक! एकाने यायचं, हातोडा ठोकायचा, काम नाही म्हणायचं, परत ठोकायचा. अधिवेशन उठलं असं म्हणता येऊ नये म्हणून वॉशिंग्टनमध्ये हेच करतात. हे तो दर हिवाळ्यात वर्गात शिकवायचा, आणि मुलं खिडकीबाहेर बघायची.

"एकटीची बैठक?" तो म्हणाला. "गणसंख्या कुठे आहे?"

"सभागृहात सदस्य एक. हजर एक. शंभर टक्के. कुठल्या काँग्रेसमध्ये दाखव एवढी हजेरी."

"आणि सिनेट? सिनेट ओमाहात होती!"

"मीही ठोकत होते," डोरीन म्हणाली. "दवाखान्यात, चमच्याने, कॉफीच्या कपावर. नर्स म्हणाली, आवाज करू नका. मी म्हटलं, सिनेटचं अधिवेशन आहे. मग त्यांनी माझाही ताप बघितला."

लाईलचे डोळे चमकले. कुस्तीत समोरच्याचा पाय उचललेला दिसला की चमकत तसे. "सापडलात! पहिलं कलम, पाचवा भाग. दोन्ही सभागृहं जिथे बसतात, ती जागा सोडून दुसऱ्या जागी एका सभागृहाला बसता येत नाही!"

"'दुसऱ्या सभागृहाच्या संमतीशिवाय,'" ट्रुडी म्हणाली. "वाक्य पूर्ण कर ना. मी संमती दिली होती. मॉम गाडीत बसायच्या आधी. शूज घालताना."

बिस्किटने जांभई दिली.

"मी न्यायालयात जाणार," लाईल म्हणाला.

सगळे शेजारच्या घरी गेले. मिसेस हावलाटांचा टीव्हीवरचा, चाक फिरवून खेळायचा शब्दकोड्यांचा कार्यक्रम रंगात आला होता. जाहिरात लागेपर्यंत त्यांनी सगळ्यांना दारात उभं केलं आणि मग दोन्ही बाजू ऐकून घेतल्या.

"डाव ठोकला होता?" त्यांनी ट्रुडीला विचारलं.

"हो."

"मोठ्याने?"

"माडीवरही ऐकू गेला असता," लाईलला कबूल करावं लागलं. घटनेच्या बाबतीत खोटं बोलायला त्याची जीभ वळत नव्हती.

"मग काय विचारायला आलात? अधिवेशन चालू होतं, दहा दिवस संपले, कायदा झाला. व्हा बाजूला, चाक फिरवतायत."

परत येताना अंगणात लाईल मागे राहिला. हरल्यावर माणसाला जे वाटायला हवं, ते तो मनात शोधत होता, आणि त्याला ते सापडत नव्हतं. राज्यस्पर्धेत त्याने शिकवलेला पोरगा जिंकला होता, तेव्हा छाती अशी भरून आली होती. पण तेव्हा चितपट झालेला दुसऱ्याच कुणाचा पोरगा होता. आज पाठ टेकली ती त्याची स्वतःची, आणि वर बसलेली तेरा वर्षांची, तोंडाला साखर लागलेली. 'संमतीशिवाय.' वर्गातली सगळी पोरं त्या शब्दावर झोपतात. हिने तो जपून ठेवला, आपल्या डेडासाठी.

"ट्रुडी," त्याने हाक मारली. "ते पाचव्या भागाचं... कधी वाचलंस?"

"तूच वाचून दाखवायचास. मी लहान असताना. झोप यावी म्हणून."

"मग?"

"मला नाही आली झोप. मॉमला यायची."

बुधवारी सकाळी राष्ट्राध्यक्षांनी कायद्याची अंमलबजावणी सुरू केली. कायदा आवडो न आवडो, तो इमानाने राबवणं हे त्यांचं कामच असतं. त्याने लिंकनला फोन लावला.

"एमिल वॉन्ड्रांसाठी खोली ठेवली होती, ती नको आता," तो म्हणाला. "मी बरेच प्रयत्न केले, पण टिकला नाही."

"अरेरे," पलीकडची बाई म्हणाली. "कधी गेले?"

"कोण? नाही, नाही! व्हेटो. व्हेटो टिकला नाही."

बाई म्हणाली, "अशा वेळी माणूस काहीही बोलतो. काळजी घ्या," आणि तिने हलकेच फोन ठेवला. दोन दिवसांनी घरी फुलं आली. लाईलने ती एमिलच्या खोलीतच ठेवली.

शनिवारी तो पिकअप घेऊन शेतावर गेला. एमिल, त्यांचं खोकं आणि त्यांची आरामखुर्ची असं सगळं विल्बरला आणलं. वाटेत ट्रुडीने डेडांना सगळी हकीकत दोनदा सांगितली. अंगणात उतरल्यावर एमिल काठीवर रेलून उभे राहिले आणि कुंपणापलीकडे मिसेस हावलाट दिसल्या तसे खड्या आवाजात म्हणाले, "ऐकलंत का? हा मास्तर म्हणे घटना शिकवतो, आणि एवढ्याशा पोरीने घटनेतच लोळवला त्याला!"

लाईल खुर्ची उतरवत होता. तो थांबला. खुर्ची खाली ठेवली आणि पाठ सरळ केली.

"आणि तिला शिकवली कुणी?" तो म्हणाला. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

एमिलनी काठी दुसऱ्या हातात घेतली. सोळा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी जावयाचं म्हणणं मान्य केलं. "हं," ते म्हणाले. "हे मात्र खरं आहे."

मग ट्रुडीने त्यांना पायरीवर उभं करून उजवा हात वर करायला लावला आणि घटनेचं रक्षण करायची शपथ दिली. एमिलनी ती टोपी काढून घेतली, एक शब्दही न गाळता.

"आता मला मतं किती?" त्यांनी विचारलं.

"सिनेटमध्ये दोन," ट्रुडी म्हणाली. "प्रत्येक राज्याला दोन असतात."

"दोन?" लाईल दचकला. "सिनेटमध्ये डोरीनचं एक. म्हणजे बहुमत यांचं?"

"मी लहानपणापासून बघतेय," डोरीन म्हणाली.

आरामखुर्ची ओव्हल ऑफिसच्या दारात अडकली. आडवी केली, उभी केली, उलटी केली. लाईल एका बाजूने ढकलत होता, डोरीन दुसऱ्या बाजूने ओढत होती, आणि एमिल मधोमध उभे राहून कॅन्ससची माणसं खुर्ची कशी उचलतात यावर बोलत होते. शेवटी त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"मी ठराव मांडतो. दार काढा."

सिनेटमध्ये तीनही मतं बाजूने पडली. ट्रुडीने प्रतिनिधिगृहाचं एक दिलं. आणि घरातल्या दार लावून बसता येणाऱ्या एकमेव जागेचं दार काढण्याच्या त्या विधेयकावर राष्ट्राध्यक्षांनी तिथल्या तिथे, उभ्या उभ्या, खुर्चीच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. मग ते स्क्रू ड्रायव्हर आणायला गेले.