फळीवरच्या गाड्या

"हाऊ काय, तुमना कोपराजोडेच शे," असं म्हणत धुरपदाबाईनं पाटावरचा तो मुगाएवढा दिवा बोटाच्या टोकाला चिकटवून उचलला आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवला.

भिकननं दिव्याकडे पाहिलं, मग पाटाकडे.

"मी कव्हयना दखी राह्यनू," तो म्हणाला.

"डोयासमोर व्हता."

ती परत बाजरी निवडायला बसली. रविवारची दुपार होती. देवपुरातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात पंख्याचा आवाज तेवढा चालू होता. भिकननं दिव्याच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिक विरघळवून चिकटवणारं थिनर लावलं, हातातल्या वीतभर खेळण्यातल्या गाडीच्या नाकाशी तो दाबून धरला आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ दाबून धरला.

तो धुळे डेपोत एसटीचा ड्रायव्हर होता. बरीच वर्षं त्याच्याकडे मुंबईची गाडी होती. रात्री निघून सकाळी मुंबई गाठायची, दिवसभर तिथे पडून राहायचं आणि रात्री परत निघायचं. बाकीचे ड्रायव्हर त्या दिवसात झोप काढत. भिकनला परक्या जागी झोप लागत नसे. असाच भटकत एकदा तो चोरबाजारात गेला होता, आणि जुन्या घड्याळांच्या ढिगाशेजारी त्याला एक फाटका खोका दिसला. खोक्यावर उघड्या टपाची, तारांच्या चाकांची, बाजूला पायरी असलेली जुनी विलायती मोटार छापलेली होती. आत मात्र मोटार नव्हती. प्लॅस्टिकच्या काड्यांना लटकलेले तुकडेच तुकडे होते. ते कोणीतरी कधीतरी हौसेनं आणले होते आणि जोडायचे राहून गेले होते.

पहिली गाडी जोडायला त्याला सगळा उन्हाळा लागला. कागद इंग्रजीत होता, तोही अर्धाच. खोक्यावरचं चित्र बघून त्यानं ती उभी केली. नंतर असे खोके शोधायची त्याला सवयच लागली. कुणात चाक नसे, कुणात काच नसे. चाकाच्या तारा तो जुन्या ब्रशच्या केसांच्या करी, आरशाला सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावी. आग्रा रोडला ट्रक रंगवणारा गनी पेंटर त्याचा दोस्त होता. डब्याच्या तळाचा रंग आणि शिशीभर थिनर तो द्यायचा. त्यामुळे साहेबलोकांच्या त्या जुन्या मोटारी भिकनच्या फळीवर ट्रकच्या केशरी, पोपटी रंगात उभ्या होत्या. एकीच्या दारावर तर गनीनं हौसेनं कमळ काढून दिलं होतं.

धुरपदाबाईला या प्रकाराचा कंटाळा होता. धूळ तिला पुसावी लागे.

"दिनभर गाडी, घरमा बी गाडीच," ती एकदा म्हणाली होती. "तुमले वीट येत नही का?"

"हाई गाडी माले कोठे जावाले सांगत नही," भिकन म्हणाला होता. एवढंच. पण ते म्हणताना तो इतका थकलेला दिसला होता की तिनं पुढे काही विचारलं नव्हतं.

त्या रविवारी संध्याकाळी ती पाण्याला गेल्यावर भिकननं पाट समोर घेतला. गाडीचे उरलेले बारीक तुकडे त्यानं पाटाच्या कडेकडेनं मांडले, नजर सरळ ठेवली आणि उजवा डोळा झाकला. डावीकडचे तुकडे नव्हते. मान वळवली की होते. सरळ पाहिलं की पाटच अर्धा. त्यानं दुसरा डोळा झाकून पाहिलं. उजव्यानंही पाट कडेनं कमीच दिसत होता, पण तितका नाही. मग त्यानं तुकडे खोक्यात भरले आणि दोरीनं खोका बांधला.

दुसऱ्या दिवशी तो मुंबईला गेला. गाडी नीट गेली. परतताना मात्र वाटेत सकाळ झाली, आणि चांदवडच्या पुढे उजाडलेल्या रस्त्यावर त्यानं सहज डावीकडच्या आरशात पाहिलं तर रस्त्याच्या कडेला एक बाई उभी. डोक्यावर चाऱ्याचा भारा, गाडीच्या वाऱ्यानं पदर उडालेला. ती हातानं पदर सावरत होती. गाडी तिच्या अगदी जवळून गेली होती, आणि पुढून येताना ती भिकनला दिसलीच नव्हती.

तिथून धुळ्यापर्यंत तो सारखी मान वळवत आला. कंडक्टर लोटन केबिनशी येऊन म्हणाला, "भाऊ, झोप ई राह्यनी का? चहाले थांबूत का?"

"झोप नही," भिकन म्हणाला. "तू बठ."

डेपोत गाडी लावून तो हातपाय न धुता सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेला. "साहेब, माझे डोळे तपासायला पाठवा," तो म्हणाला. साहेबांनी वर पाहिलं. वार्षिक तपासणीला अजून अवकाश होता. "काही झालंय का?" त्यांनी विचारलं. "झालं नाही अजून," भिकन म्हणाला.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. थेंब दिले, आणि जेवढी नजर गेली ती परत येणार नाही हेही सांगितलं. भिकनला स्टिअरिंगवरून काढून डेपोच्या सामानाच्या खोलीत बसवलं. नटबोल्ट, पट्टे, जुने टायर. तिथे तो खाकी कपड्यांतच जाई, पण मुक्कामाची पिशवी न घेता.

घरी त्यानं एवढंच सांगितलं, "तपासणी व्हयनी. गाडीवरथून काढी टाकं माले."

धुरपदाबाईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग उठली, फळीवरच्या गाड्या एकेक करून खाली घेतल्या आणि जुन्या लुगड्यात गुंडाळायला लागली.

"ह्या गाड्यास्नी तुमना डोया खादात," ती म्हणाली. "बारीक काम, बारीक काम. कितलांदाव सांगं मी."

डॉक्टरांनी तसं काही म्हटलं नव्हतं. भिकनला ते सांगता आलं असतं. पण तिला राग धरायला काहीतरी हवं होतं आणि त्याला वाद घालायचं त्राण नव्हतं. "ठेव बांधीसन," तो म्हणाला. गाठोडं माळ्यावर गेलं. न जोडलेला एक खोका होता, तोही गेला.

मग दिवस तसेच जात राहिले. भिकन पायी डेपोत जाई, पायी येई. मुंबईची गाडी फलाटावर लागली की तो खोलीतून बाहेर येत नसे. घरी आला की रिकाम्या फळीखाली बसे. थेंब घालायला धुरपदाबाई त्याचं डोकं मांडीवर घेई. दोन वर्षांत उजव्या डोळ्याच्या कडेचा अंधारही वाढला, आणि बारीक वस्तू त्याला दिसेनाशा झाल्या.

एका दुपारी गनी पेंटर घरी आला. भिकन कामावर होता. गनीनं फळीकडे पाहिलं.

"भाभी, गाड्या कुठं गेल्या?"

"बांधी ठेयात," ती म्हणाली. "त्या गाड्यास्ना पायीच त्यासनी ड्रायव्हरकी गयी ना. डॉक्टरनी काढी टाकं."

गनी खाली बसला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली.

"त्याला कोणी काढलं नाही, भाभी. तो स्वतः साहेबाकडे गेला. त्या दिवशी डेपोतून माझ्याच दुकानात आला होता. पाणीसुद्धा प्याला नाही. म्हणाला, गनी, पाटावरचा दिवा मला दिसला नाही, रस्त्यावरचं माणूस काय दिसणार? मी म्हटलं, वार्षिक तपासणीपर्यंत थांबायचंस, हळू चालवायचीस. तर म्हणाला, एक बाई वाचली माझ्या हातून, दुसरी नाही वाचणार."

धुरपदाबाई उठली. तिनं चहा ठेवला. साखर टाकली की नाही ते तिला आठवेना, म्हणून पुन्हा टाकली. गनीनं तो गोडमिट्ट चहा निमूट पिऊन टाकला.

संध्याकाळी भिकन आला तेव्हा माळ्यावरचं गाठोडं खाली होतं. गाड्या फळीवर पुसून मांडलेल्या होत्या. उलटसुलट, काही भिंतीकडे तोंड करून. भिकन फळीपाशी गेला, एकेकीवर बोट फिरवलं.

"गनी ईसन गया," धुरपदाबाई म्हणाली.

भिकन समजला.

"माले कसाले नही सांगं?"

"सांगीसन काय व्हनार व्हतं?" तो म्हणाला. मग म्हणाला, "ती बाई तुन्हाच येवढी व्हती."

तिनं पाट ओढला आणि न जोडलेला खोका सोडला. सगळे तुकडे पाटावर ओतले. "सांगा," ती म्हणाली. "पहिले काय लावतस?"

त्याला हसू आलं नाही, पण तो बसला. त्या दिवसापासून रोज जेवणाआधी थोडा वेळ ते काम चालायचं. तो खोक्यावरचं चित्र आठवून सांगे, ती शोधे. तिच्या हाताला भाकरीची सवय होती, मुगाएवढ्या तुकड्यांची नव्हती. थिनर जास्त लागे, बोटाचे ठसे उमटत.

"आते हाई कथं लावू?"

"खाले. बोटले खड्डा लागस का?"

"लागस."

"मंग दाबी धर. हालावू नको."

ती श्वास रोखून दाबून धरी. तोही उगाच श्वास रोखी.

दिवाळीच्या सुमाराला गाडी झाली. गनीनं आणलेल्या हिरव्या रंगात तिनंच ती रंगवली होती. रंग काही ठिकाणी ओघळला होता. पुढच्या चाकांचा दांडा तिच्या हातून तिरका बसला होता. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, पण तोवर प्लॅस्टिक वितळून पक्कं झालं होतं. तिनं ते त्याला सांगितलं नव्हतं.

तिनं गाडी त्याच्या हातात दिली. भिकननं टपावरून बोट फिरवलं, पायरी चाचपली, मग खालून हात घालून पुढचा दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासला. तिथे त्याचं बोट थांबलं. धुरपदाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

त्यानं गाडी पाटावर ठेवली. ती एका बाजूला कलली.

"बरोबर बठनं का समदं?" तिनं विचारलं.

"बरोबर शे," भिकन म्हणाला.

मग एका बोटानं तो ती गाडी पाटावर सावकाश पुढे नेऊ लागला, मागे आणू लागला. तीन चाकं पाटावर फिरत होती. चौथं हवेत होतं. धुरपदाबाई उठून भाकरी टाकायला गेली.